बाळाच्या झबल्यावर नाव कुणी लिहायचं?

आजकाल अकीक्याच्या दावतीला गेलं की भेटवस्तूंच्या ढिगात एक खोका हमखास असतो. पारदर्शक झाकण, आत कागदाच्या चुऱ्यावर ठेवलेला बाळाचा कपडा, त्यावर चकचकीत सोनेरी अक्षरांत बाळाचं नाव, खाली इंग्रजीत 'लिटल प्रिन्स' किंवा 'डॅडीज प्रिन्सेस'. मोबाइलवरून मागवलेला, आठ दिवसांत घरपोच आलेला. देणाऱ्याला काही शिवावं लागलं नाही, दुकानात उभं राहावं लागलं नाही, नाव टाइप केलं आणि पैसे भरले. मी हे वाईट म्हणत नाही. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या, रात्री आठला घरी पोचणाऱ्या बाईने आणखी काय करावं? पण अशा कपड्याला हात लावून बघा. नाव म्हणजे उष्णतेने चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ थर असतो. छातीवर तेवढ्या भागात हवा खेळत नाही, आणि धुऊन धुऊन त्याला तडे जातात. 'आयशा'चं 'य' आधी निघतं की 'शा', एवढाच प्रश्न उरतो. तेही इंग्रजीत.

माझं म्हणणं साधं आहे. बाळाचं नाव घातलेलं झबलं घरी करावं, स्टेन्सिल कापून करावं, आणि नाव मराठीत लिहावं. त्यातलं 'घरी' आणि 'स्टेन्सिल' बहुतेकांना लगेच पटतं. 'मराठीत' म्हटलं की आपल्याच घरात भुवया उंचावतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही काही परदेशातून आलेली कल्पना नाही. महाराष्ट्रात बाळंतविडा म्हणून जी चीज आहे, ती हाताने केलेल्या कपड्यांचीच आहे. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, कुंची, लाळेरं, गोधडी. माहेरची माणसं, शेजारणी, मैत्रिणी मिळून तो करायच्या. मराठी मुसलमानांच्या घरांत शब्द कुठे हाच आहे, कुठे वेगळा आहे, पण पोटलं तेच. आमच्याकडे नानीकडून यायचं. जुन्या मलमलच्या साडीची किंवा ओढणीची झबली, कारण नवं कापड बाळाला टोचतं आणि दहा वर्षं धुतलेलं टोचत नाही. जन्माआधी काही शिवायचं नाही, असाही एक दंडक होता. त्यामागे भीती होती, नशिबाला डिवचायचं नाही ही. आज तो दंडक कुणी पाळत नाही, पण नावाच्या कपड्यापुरता तो आपोआप पाळला जातो. नाव सातव्या दिवशी ठेवलं जातं. जावळ निघतं, त्याच्या वजनाइतकी चांदी सदका होते, आणि मग कुठे नाव पक्कं होतं. तोवर घरात रोज एक नवं नाव सुचवलं जात असतं. आधी छापून ठेवणार काय? म्हणून हाताने केलेली भेट अकीक्याला रिकाम्या हाताने जाऊन पंधरा दिवसांनी दिली तरी चालते. उलट गर्दी ओसरल्यावर, बाळंतीण एकटी असताना, तुम्ही पिशवीतून झबलं काढता तेव्हा तिला जास्त बरं वाटतं.

भरतकाम का नको, असं कुणी विचारेल. जिला येतं तिने जरूर करावं. पण भरतकामाला वर्षांचा सराव लागतो, आणि उलट्या बाजूच्या गाठी बाळाच्या अंगाला लागतात. स्टेन्सिल कुणालाही एका दुपारी जमतं. तसंही नक्षीकाम करणाऱ्यांच्या हातात हे तंत्र जुनंच आहे. जरीकाम करणारे कारागीर ट्रेसिंग कागदावर नक्षी काढतात, सुईने रेषेवर भोकं पाडतात आणि रॉकेलमध्ये कालवलेली खडूची पूड फिरवून ती नक्षी कापडावर उतरवतात. त्याला ते खाका म्हणतात. दारातल्या रांगोळीच्या छाप्यांतही तत्त्व तेच, भोकातून रंग खाली उतरतो. स्टेन्सिल म्हणजे याच कुटुंबातलं एक भावंड.

कसं करायचं ते सांगते, कारण 'घरी करा' एवढं सांगून निघून जाणाऱ्या लेखांचा मला राग येतो.

कापड सुती हवं. नवं असेल तर आधी गरम पाण्यातून धुऊन घ्या. खळ राहिली तर रंग वरच्या वर बसतो आणि तिसऱ्या धुण्यात जातो. नाव मोठ्या, जाड अक्षरांत कागदावर काढा किंवा छापून घ्या. अक्षर बोटभर उंच असावं आणि रेषा करंगळीच्या नखाइतकी तरी रुंद. बारीक, नाजूक अक्षरांच्या मागे लागू नका, ती कापताना फाटतात. स्टेन्सिलसाठी झेरॉक्सवाल्याकडे बाइंडिंगला वरून लावतात तो पारदर्शक प्लास्टिकचा कागद मिळतो, तो उत्तम. खाली नाव ठेवा, वर हा कागद चिकटपट्टीने बसवा, खाली जाड पुठ्ठा घ्या आणि नव्या पात्याच्या कटरने रेषेवरून कापत जा. वळणावर कटर फिरवू नका, कागद फिरवा.

झबल्याच्या आत, दोन थरांच्या मध्ये, पुठ्ठा सारा, नाहीतर नाव पाठीवरही उमटेल. कापडासाठीचाच रंग घ्या. स्टेशनरीच्या दुकानात फेविक्रिल किंवा कॅम्लिनच्या छोट्या बाटल्या मिळतात. पाणी घालू नका. पातळ रंग स्टेन्सिलच्या खाली शिरतो आणि अक्षराला मिशा फुटतात. भांडी घासायच्या कोऱ्या स्पंजचा तुकडा कापा, थोडासा रंग टिपा, जास्तीचा रद्दी कागदावर झटका, आणि मग अक्षरावर ठोकत जा. घासायचं नाही, टिपायचं. कडेकडून मध्याकडे. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्या. स्टेन्सिल सरळ वर उचला, ओढू नका. एक दिवस वाळू द्या, मग कपडा उलटा करून वर एक फडकं घालून इस्त्री फिरवा, म्हणजे रंग पक्का होतो. दोन-तीन दिवस पाणी लावू नका. त्यानंतर एकदा स्वतः धुऊन मगच बाळाला द्या. टिकल्या, चमकी, मणी यांतलं काही लावायचं नाही. बाळ ते आधी तोंडात घालतं.

आता देवनागरीची गंमत. स्टेन्सिलमध्ये अक्षर म्हणजे भोक. त्यामुळे अक्षराच्या पोटात जी बंद जागा असते तिचा तुकडा कापल्याबरोबर सुटून खाली पडतो. इंग्रजीत ही अडचण थोड्या अक्षरांपुरती आहे. आपल्याकडे शिरोरेषा असल्याने 'म', 'स', 'य', 'प' अशा कितीतरी अक्षरांची पोटं वरून बंद होतात, आणि 'ब'ला तर पोटात दोन खोल्या. 'रेहान' हे नाव म्हणजे नशीब, एकही तुकडा पडत नाही. 'सबा' म्हटलं की तीन पडले. 'मरियम'मध्ये दोन 'म', एक 'य' आणि पहिल्या वेलांटीची कमान, असे चार. यावर उपाय म्हणजे पूल. शिरोरेषेत त्या अक्षराच्या डोक्यावर तांदळाच्या दाण्याएवढी जागा न कापता सोडायची, आणि 'ब'सारख्या अक्षरात पोटाच्या रेषेतही. पुलामुळे आतला तुकडा धरून राहतो. छापल्यावर शिरोरेषेत बारीक फटी दिसतात. काही जणी त्या नंतर ब्रशने भरून काढतात. मी तशाच ठेवते, त्या फटींवरून कळतं की हे कुणीतरी हाताने कापलंय.

पण खरा वेळ कापण्यात जात नाही. तो जातो नाव कसं लिहायचं हे ठरवण्यात, आणि मला या सगळ्या उद्योगात तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आपल्या घरांत नाव आधी कानात पडतं. बाळाच्या कानात अजान होते, मग मोठी माणसं नाव घेतात, मग ते घरभर होतं. लिहायची वेळ येते तेव्हा जो तो आपल्या परीने लिहितो. झीनत, जीनत की ज़ीनत? नुक्ता हिंदीत देतात, मराठीत आपण देत नाही. मराठीने त्यावर स्वतःचा मार्ग काढला आहे, तो 'झ'चा. मराठी वर्तमानपत्रं झहीर खान, झाकीर हुसेन असंच छापत आली आहेत. हिंदी टीव्ही बघून मोठं झालेल्या पिढीला तो 'झ' आता गावंढळ वाटतो. हुसेन की हुसैन, फातमा की फातिमा, रहेमान की रहमान? पैगंबरांचं नावच घ्या. मोहम्मद, मुहम्मद, महंमद, महमद, एकाच घरातल्या चार भावांच्या चार दाखल्यांवर चार रूपं मी पाहिली आहेत. यातलं 'महंमद' हे रूप काही कारकुनाच्या चुकीतून आलेलं नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहून गेले, त्यांचं नाव मराठीने याच रूपात जपलंय. म्हणजे आपली नावं या लिपीत पाहुणी म्हणून आलेली नाहीत. त्यांना इथे शतकांचं बिऱ्हाड आहे. तरीही घरात कुणी शांतपणे बसून नाव अक्षराक्षराने ठरवत नाही.

ते कोण ठरवतं? जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. नाव त्याच वेळी न देता नंतर घालण्याची सोय कायद्यात आहे, पण बहुतेक जण एकदाच काय ते उरकतात. बाळाचा बाप घाईत खिडकीपाशी उभा असतो. तो नाव सांगतो, पलीकडचा माणूस त्याला ऐकू येईल तसं लिहितो. आपल्याकडे दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं येतात, आणि दोन्ही एकमेकांशी जुळतीलच असं नाही. पुढे आधारच्या वेळी इंग्रजी नावावरून मराठी नाव संगणक आपोआप बनवतो. समोर बसलेल्याने लक्ष दिलं तर ठीक, नाहीतर 'शेख'चा 'शैख' आणि 'आयशा'ची 'ऐशा'. मग शाळेचा दाखला तिसराच. पंधरा-वीस वर्षांनी पासपोर्टच्या नाहीतर शिष्यवृत्तीच्या वेळी ही पोरं प्रतिज्ञापत्रं करत फिरतात, राजपत्रात नाव छापून आणतात. आणि नावातल्या एका वेलांटीवरून कुणाचं काय अडू शकतं, हे मुसलमान वाचकाला मी वेगळं सांगायला नको. मतदार याद्यांची तपासणी सुरू झाली की आपल्या मोहल्ल्यात कुठले कागद बाहेर निघतात आणि कुठल्या धाकाने, ते आपण पाहतो.

झबल्याचं स्टेन्सिल कापणारी खाला नेमकी इथे कामी येते. तिला फोन करून विचारावंच लागतं. "नाव कसं लिहू? झ की ज? ह्रस्व की दीर्घ?" बाळाची आई म्हणते, थांब, यांना विचारते. तो म्हणतो, अब्बांना विचारतो. दोन दिवस घरात चर्चा होते. अर्थ काढला जातो, उर्दूत कसं लिहितात ते कुणीतरी दाखवतं, त्यातला 'ज़े' आहे की 'जीम' ते बघितलं जातं. मग एक रूप ठरतं. तेच रूप कागदावर लिहून बाळाच्या बापाच्या खिशात द्यावं, नोंदणीला जाताना. माझ्या आग्रहाखातर दोन घरांनी तरी असं केलं आहे. एकवीस दिवसांच्या आत झबलं तयार झालं पाहिजे, अशी घाई मी मुद्दाम करते ती एवढ्यासाठीच.

एक शंका दीनदार घरांतून येते आणि ती रास्त आहे. अब्दुल्ला, अब्दुर्रहमान, रहमतुल्ला अशा नावांत अल्लाहचं नाव आहे. बाळाच्या कपड्यावर दूध सांडणार, लाळ गळणार, तो लंगोटांसोबत एकाच बादलीत पडणार. मग ते नाव त्यावर कसं लिहायचं? ही बेअदबी वाटत असेल तर वाद घालू नका. लाडाचं नाव लिहा. आपल्याकडे त्याला तोटा नाही, बब्बू आहे, छोटू आहे, गुड्डी आहे. किंवा पूर्ण नाव कपड्याऐवजी पाळण्याच्या वर टांगायच्या कापडी पट्टीवर लिहा. चित्रांचंही तसंच. काही घरांत सजीवांची चित्रं चालत नाहीत. तिथे ससा-हत्ती काढून भेट देणाऱ्याने त्यांना कोड्यात टाकू नये. डाळिंब आहे, आंब्याचं पान आहे, होडी आहे, चंद्र आहे. आणि खरं सांगायचं तर पान ससा कापण्यापेक्षा फार सोपं.

दुसरी शंका दबक्या आवाजात येते. माझी एक भाची, शिकलेली, कमावती, मला म्हणाली, "खाला, झबल्यावर नाव नको. नुसतं पान काढ." का म्हणून विचारलं तर म्हणाली, "लोकलने जाते-येते, दवाखान्यात रांगेत बसते. बाळाला बघून लोक हसतात, गाल ओढतात. नाव वाचल्यावर काही जणांचं हसू जागच्या जागी थांबतं. मला ते बघायचं नाही."

यावर पटकन उत्तर देऊ नये. मुलाचं नाव बाहेर दिसू देऊ नका, असा सल्ला पालकांना एरवीही दिला जातो, पण त्याचं कारण वेगळं आहे. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरावर ठळक नाव असलं की अनोळखी माणूस त्याला नावाने हाक मारून विश्वास मिळवू शकतो. तो सल्ला शहाणपणाचा आहे आणि मीही तो पाळते, दप्तरावर नाव आतल्या बाजूला. पण दीड महिन्याचं बाळ आईच्या कडेवर असतं, त्याला कुणी हाक मारून पळवणार नाही. भाची ज्याला भीत होती ते दुसरंच होतं, आणि तिची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. घर भाड्याने शोधताना, फोनवर नाव सांगितल्यावर पलीकडे पडणारी शांतता तिने ऐकली आहे. मीही ऐकली आहे.

तरी मी तिच्याशी वाद घातला. म्हटलं, दवाखान्यात नर्स नाव मोठ्याने पुकारणारच आहे. लशीच्या कार्डावर ते आहे. अंगणवाडीच्या वहीत ते जाईल. सगळीकडे ते असणारच, फक्त जिथे प्रेमाने लिहायचं तिथून तेवढं आपण काढून टाकणार का? आणि नाव मराठीत वाचून कुणाचं हसू थांबत असेल तर थांबू दे. कुणाचं थांबणारही नाही. कुणीतरी बाई वाकून वाचेल, "सबा, किती गोड नाव," म्हणेल. अशा बायाही त्याच लोकलमध्ये असतात, त्यांना वाचायला काहीतरी असलं पाहिजे की नाही? भाची ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुझं बरोबर आहे, पण कडेवर बाळ माझं असणार आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कडेवर बाळ घेऊन गर्दीत उभं राहणाऱ्या आईचा शब्द शेवटचा, इथे भेट देणाऱ्याने हट्ट करू नये. मी झबल्यावर पान काढलं आणि दुपट्याच्या आतल्या कोपऱ्यात नाव छापलं. घराबाहेर ती तो कोपरा उलगडते की दुमडून ठेवते, मी विचारलेलं नाही. पण दुसऱ्या कुणी विचारलं तर माझा सल्ला अजून तोच आहे, नाव छातीवर आणि मोठ्या अक्षरांत.

मुसलमान नसलेल्या वाचकांसाठी दोन ओळी. मैत्रिणीच्या बाळासाठी असं झबलं करावंसं वाटलं तर अवश्य करा, आणि ते हिरव्या रंगातच करायला हवं असं काही नाही. आम्हालाही पिवळा, गुलाबी, निळा आवडतो. फक्त नाव कसं लिहायचं ते आधी विचारा. विचारलेलं आम्हाला फार आवडतं, कारण सहसा कुणी विचारत नाही. उर्दूतही लिहून द्यायची हौस असेल तर बाळाच्या आजोबांकडून कागदावर लिहून घ्या आणि ते जसंच्या तसं कापा. नुक्ते सुटेच असतात, ते स्टेन्सिलमध्ये सगळ्यांत सोपे. 'मीम' आणि 'वाव'ची डोकी तेवढी सांभाळा. मराठी समोर आणि उर्दू पाठीवर असं एक झबलं मी केलं होतं, तेव्हा दादाजान बाळाला पालथं घालून सगळ्यांना दाखवत होते.

मापाबद्दल एक सांगायचं राहिलं. अगदी तान्ह्या बाळाच्या मापाचं करू नका, महिन्या-दीड महिन्यात ते वर चढतं आणि मेहनत वाया जाते. सहा महिन्यांच्या मापाचं करा. आणि आपल्याकडे झबली एका बाळाची दुसऱ्याला जातात, त्यातच बरकत मानतात. नाव थेट कापडावर छापलं तर ही साखळी तुटते, ही आमच्या एका थोरल्या आपाची तक्रार होती आणि ती मला मान्य आहे. म्हणून आता मी नाव वेगळ्या चौकोनी तुकड्यावर छापते आणि तो खिशासारखा वरून शिवते. बाळ मोठं झालं की खिसा उसवायचा आणि त्याच्या लशीच्या कार्डाच्या पाकिटात ठेवायचा. झबलं पुढच्या बाळाकडे जातं. त्याच्यासाठी नवा तुकडा कापायचा, आणि पुन्हा फोन करून विचारायचं, झ की ज.